चार तारे, पाचवा त्यांनीच घालवला

सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना अमेरिकेतल्या एका छोट्या संस्थेत 'अर्ली चाइल्डहुड फिस्कल पॉलिसी'ची इंटर्नशिप केली. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे बालवाडीचा हिशेब ना?" याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पहिले सहा आठवडे एकच काम, फिस्कल मॅप. शून्य ते पाच वयाच्या मुलांसाठी राज्यात कुठला पैसा कुठून येतो, याची भलीमोठी एक्सेल शीट. १९६५ पासून चालत आलेल्या हेड स्टार्टचा, म्हणजे गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या केंद्राच्या कार्यक्रमाचा, पैसा केंद्राकडून थेट स्थानिक संस्थांना जातो, पाळणाघरांचं अनुदान राज्य सरकारमार्फत येतं. पात्रतेचे नियम वेगळे, अहवाल वेगळे. वर्गातलं मूल मात्र तेच. असे वेगवेगळे निधी एकत्र वापरण्याला 'ब्रेडिंग' म्हणतात, म्हणजे अक्षरशः वेणी: पेड एकत्र गुंफायचे, पण प्रत्येकाचा हिशेब सुटा ठेवायचा. हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं इथे.

२०२१ च्या कोविड-मदत कायद्याने पाळणाघरं तगवायला २४ अब्ज डॉलर दिले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची मुदत संपली. माझ्या शीटवर त्या ओळीत पुढचे सगळे रकाने रिकामे. ते बघून पोटात गोळा आला.

मानधन वेळेवर मिळालं. मार्गदर्शक बाई हुशार, पण भेटायच्या आठवड्यातून अर्धा तास, तोही दोनदा रद्द. करारात वीस तास होते. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झाल्यावर तीस झाले, पैसे वीसचेच. तारा कापला तो त्या दहा तासांचा. एक्सेलचा कंटाळा असेल तर अर्जच करू नका.