स्कॉटलंड ब्रिटनमध्ये की ब्रिटनबाहेर : मत ठरवणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

१७०७ साली इंग्लंडशी एकत्र झालेल्या स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडावे का, हा प्रश्न एडिनबरा, ग्लासगो किंवा ॲबर्डीनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला केवळ बातम्यांपुरता राहत नाही. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात तेथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाही, मत होते. उलट ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याला ते नव्हते. पुढचे सार्वमत कधी होईल हे सांगता येत नाही, कारण वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, संमतीवाचून स्कॉटिश संसदेला त्यासाठी कायदा करता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने दिला. तरीही तेथील प्रत्येक निवडणूक शेवटी याच प्रश्नाभोवती फिरते. ज्यांचे मत अजून बनलेले नाही, त्यांच्यासाठी दोन्ही पर्याय येथे शेजारी ठेवून पाहिले आहेत.

२०१४ मध्ये ५५.३ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याच्या आणि ४४.७ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला, मतदान ८४.६ टक्के झाले. मराठी वाचकाला येथे १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवेल. तेथेही अंतर साधारण एवढेच होते, पण महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा प्रश्न त्या कौलाने कायमचा मिटवला. स्कॉटलंडमध्ये तसे झाले नाही, कारण ज्या अटींवर लोकांनी राहण्याचे ठरवले त्यातली एक मोठी अट दोनच वर्षांत कोसळली. ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपीय संघातले स्थान टिकेल, असे ऐक्यवादी तेव्हा सांगत होते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने होती आणि बत्तीसही कौन्सिल विभागांत बहुमत त्याच बाजूचे होते. म्हणून २०१४ ची प्रचारपत्रके आज फारशी उपयोगाची नाहीत. राहणे म्हणजे स्थिरता आणि जाणे म्हणजे अनिश्चितता, ही तेव्हाची मांडणी आता जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. दोन्हीकडे अनिश्चितता आहे, पण ती वेगवेगळ्या प्रकारची आहे.

आधी काय वगळावे

प्रचारात सर्वाधिक ऐकू येणारे बरेचसे विषय या निर्णयाने थेट बदलतच नाहीत. आरोग्यसेवा, शाळा, विद्यापीठे, पोलीस आणि न्यायव्यवस्था हे विषय आजही एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, हाती आहेत. स्कॉटिश विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे शुल्क पडत नाही, २०११ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे मोफत मिळतात, आणि २०१६ च्या कायद्यानंतर वेतनावरील प्राप्तिकराचे दर व टप्पे स्कॉटिश सरकार ठरवते. लंडनमध्ये तेवढाच पगार घेणाऱ्या मित्रापेक्षा आपला कर जास्त का, असे विचारणाऱ्या एडिनबराच्या सॉफ्टवेअर अभियंत्याला उत्तर वेस्टमिन्स्टरकडे नव्हे, तर त्याच्याच शहरातल्या संसदेकडे मागावे लागेल. त्यामुळे रुग्णालयांतील प्रतीक्षायादी हे बाहेर पडण्याचे कारणही ठरत नाही आणि राहण्याचेही. अपवाद एकच आहे, तो म्हणजे या सेवांसाठी पैसा कोठून येतो. त्याकडे पुढे वळू.

चलन

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच मुद्द्याला द्यावा, आणि बाहेर पडण्याच्या बाजूची मांडणी नेमकी येथेच सर्वांत कच्ची राहिली आहे. स्वातंत्र्याची योजना मांडणाऱ्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत ॲलेक्स सॅमंड यांच्या तेव्हाच्या स्कॉटिश सरकारने पौंड दोघांनी मिळून वापरण्याचा, म्हणजे चलनसंघाचा, प्रस्ताव मांडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तो फेटाळला आणि मजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या अर्थविषयक प्रवक्त्यांनीही त्यांना दुजोरा दिला. मग दुसरी योजना काय, या प्रश्नाला त्या वर्षीच्या प्रचारात समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्कॉटिश सरकारने मांडलेल्या आर्थिक आराखड्यानुसार आधी पौंडच वापरायचा आणि परिस्थिती अनुकूल झाल्यावर स्वतःचा स्कॉटिश पौंड आणायचा, असे धोरण आहे.

या मधल्या काळात व्याजदर लंडनची बँक ऑफ इंग्लंडच ठरवेल, पण ते ठरवताना स्कॉटलंडचा विचार करण्याचे बंधन तिच्यावर नसेल, आणि एखादी स्कॉटिश बँक अडचणीत आली तर नोटा छापून तिला तारणारी मध्यवर्ती बँक पाठीशी नसेल. २००८-०९ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारला सुमारे ४५ अब्ज पौंड घालावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना हा धोका समजावून सांगावा लागत नाही. नवे चलन आल्यानंतरचा प्रश्न घरगुती आहे. पगार नव्या चलनात, गृहकर्ज मात्र पौंडात, आणि नवे चलन पौंडाच्या तुलनेत घसरले, तर हप्ता आपोआप जड होतो. त्या दिवशी जुन्या कर्जांचे काय करायचे, याची कायदेशीर तरतूद मतदानाआधी समोर आली पाहिजे.

तरी हा मार्ग अशक्य आहे असे म्हणणेही चुकीचे ठरेल. आयर्लंडने १९२२ नंतर स्वतःचे चलन आणले आणि १९७९ पर्यंत ते ब्रिटिश पौंडाशी एकास एक या दराने बांधून ठेवले. चेक व स्लोवाक गणराज्ये १ जानेवारी १९९३ रोजी वेगळी झाली तेव्हा काही काळ चलन एकच ठेवण्याचे ठरले होते. ते सहा आठवडेही टिकले नाही. तरीही दोन्ही देश सावरले आणि २००४ मध्ये एकाच दिवशी युरोपीय संघात गेले. एका उदाहरणात संक्रमण अर्धशतक चालले, दुसऱ्यात ते दीड महिन्यात उरकावे लागले. स्कॉटलंडच्या वाट्याला यातले कोणते येईल, हे कोणाच्या इच्छेपेक्षा ठेवीदारांच्या विश्वासावर जास्त अवलंबून राहील.

तूट आणि तेल

स्कॉटिश सरकारच्याच वार्षिक आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये उत्तर समुद्रातील तेलाचा वाटा धरूनही स्कॉटलंडचा सार्वजनिक खर्च उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १०.४ टक्क्यांनी जास्त होता. संपूर्ण ब्रिटनसाठी हाच आकडा ४.५ टक्के होता. राहण्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, कारण आज ही दरी ब्रिटनच्या सामायिक तिजोरीतून भरली जाते आणि स्कॉटलंडला मिळणाऱ्या निधीतील वाढ-घट ठरवणाऱ्या बार्नेट सूत्रामुळे दरडोई खर्च इंग्लंडपेक्षा जास्त राहतो. त्यावर स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे असे की हे आकडे सध्याच्या व्यवस्थेचे आहेत. संरक्षणावर किती खर्च करायचा, जुन्या कर्जाचा वाटा किती उचलायचा, हे स्वतंत्र देश वेगळे ठरवेल. हे खरे आहे, पण त्यातून दरी काही अंशीच भरून निघेल. उरलेल्या भागासाठी कर वाढवणे, खर्च कमी करणे किंवा कर्ज काढणे याखेरीज मार्ग नाही, आणि यातले काय करणार हे नेत्यांना थेट विचारायला हवे.

तेलाच्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या नावावर जुने हिशेब आहेत. ब्रिटिश सरकारसाठी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या टिपणात, तेलामुळे स्वतंत्र स्कॉटलंडकडे फार मोठी शिल्लक राहील असे म्हटले होते. ते टिपण २००५ पर्यंत लोकांसमोर आले नाही. नॉर्वेने तेलाच्या पैशातून राष्ट्रीय निधी उभारला, ब्रिटनने उभारला नाही, ही खंत तेथे आजही बोलून दाखवली जाते. दुसरीकडे २०१३ ची श्वेतपत्रिका तेलाचा भाव पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास धरून चालली होती, आणि जानेवारी २०१६ मध्ये तो तीस डॉलरच्याही खाली गेला. श्वेतपत्रिकेने स्वातंत्र्यदिन २४ मार्च २०१६ हा सुचवला होता, हे लक्षात घेतले की पहिलाच अर्थसंकल्प कसा मांडावा लागला असता याची कल्पना येते. ॲबर्डीनमध्ये तेलकंपनीत काम करणाऱ्याने मात्र एवढ्यावर थांबू नये. नोव्हेंबर २०२४ पासून उत्तर समुद्रातील उत्पादकांवरील एकूण कर ७८ टक्के झाला, आणि तो ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे लंडनचा आहे.

सीमा आणि युरोप

२०१९ च्या आकडेवारीनुसार स्कॉटलंडबाहेर विकल्या जाणाऱ्या मालाचा व सेवांचा सुमारे साठ टक्के वाटा उर्वरित ब्रिटनमध्ये जात होता, तर युरोपीय संघात साधारण एकोणीस टक्के. स्वतंत्र स्कॉटलंड पुन्हा युरोपीय संघात गेला, तर त्याला लहान बाजारपेठ खुली होईल आणि मोठ्या बाजारपेठेच्या वाटेवर जकातीची सीमा उभी राहील. २०१४ मध्ये हा पेच नव्हता, ब्रेक्झिटने तो निर्माण केला. माणसांच्या ये-जा करण्याला फारशी अडचण येऊ नये, कारण ब्रिटन व आयर्लंड यांच्यातील मुक्त प्रवासाची व्यवस्था स्कॉटलंडलाही लागू करता येईल, पण मालवाहू ट्रकांची तपासणी टळणार नाही. शिवाय प्रवेशासाठी सर्व सदस्यदेशांची मान्यता लागते आणि तूट तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याची अपेक्षा असते. लाभ दीर्घ पल्ल्याचा आणि तोटा जवळचा, असे हे गणित असल्याने पंचविशीतल्या संशोधकाचे उत्तर आणि साठीतल्या दुकानदाराचे उत्तर वेगळे येणे साहजिक आहे.

फासलेन येथील अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ हलवणे हा अनेक स्कॉटिश मतदारांसाठी तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांना तो तसा वाटतो त्यांना तुलनेची गरज नाही.

निर्णय कोणाच्या हाती

पैशाच्या मुद्द्यांवर राहण्याची बाजू जड दिसत असली, तरी अधिकाराच्या मुद्द्यावर तिची अडचण होते. २०१० आणि २०१५ च्या निवडणुकांत स्कॉटलंडमधील ५९ पैकी एकच जागा हुजूर पक्षाला मिळाली, तरी सरकार त्याच पक्षाच्या नेतृत्वाखाली आले. ब्रेक्झिटचा निर्णयही तसाच झाला. यावर ऐक्यवादी सांगतात की प्रत्येक मोठ्या देशात काही प्रदेश हरलेल्या बाजूला असतात, आणि २०२४ मध्ये स्कॉटलंडने निवडलेलाच मजूर पक्ष सत्तेवर आला. हे उत्तर पुरेसे वाटले असते, जर बाहेर पडायचे असल्यास तो कौल कोणत्या मार्गाने घ्यायचा हे कोठेतरी लिहिलेले असते. ‘हा स्वेच्छेने टिकलेला संघ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ती स्वेच्छा पुन्हा कधी आणि कशी विचारायची हे सांगितलेले नाही, आणि मला ही त्यांच्या बाजूची सर्वांत मोठी उणीव वाटते.

प्रत्यक्ष बाहेर पडण्यास किती वेळ लागेल, याबाबतीत मात्र आशावादाला आवर घालावा. २०१४ च्या योजनेत सार्वमतापासून स्वातंत्र्यापर्यंत अठरा महिने धरले होते. ब्रिटनला सत्तेचाळीस वर्षांचे युरोपीय सदस्यत्व सोडताना सार्वमतापासून संक्रमणकाळ संपेपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, साडेचार वर्षे लागली, आणि तेथे चलन, सैन्य किंवा निवृत्तिवेतन वाटून घ्यायचे नव्हते.

व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांसाठी आणखी एक बाब आहे. स्थलांतराचा विषय आज लंडनकडे आहे आणि स्कॉटलंडला माणसे हवी असूनही वेगळे नियम करता येत नाहीत. २००५ ते २००८ दरम्यान परदेशी पदवीधरांना दोन वर्षे राहू देणारी एक स्कॉटिश योजना होती, ती पुढे ब्रिटनभरच्या योजनेत विलीन झाली आणि २०१२ मध्ये तीही बंद पडली. स्वतंत्र स्कॉटलंडचे धोरण अधिक उदार असण्याची शक्यता आहे, कारण तेथील प्रमुख पक्षांची भूमिका तशी राहिली आहे. मात्र आज मिळालेला कायम वास्तव्याचा परवाना संपूर्ण ब्रिटनमध्ये चालतो, आणि विभागणीनंतर तो मँचेस्टर किंवा लंडनमध्ये नोकरी घेताना चालेल की नाही, हे दोन सरकारांच्या वाटाघाटींवर ठरेल. ज्यांच्या व्यवसायात दर चार-पाच वर्षांनी शहर बदलावे लागते, त्यांनी गृहकर्जाच्या खालोखाल याच प्रश्नाचे लेखी उत्तर दोन्ही बाजूंकडे मागावे.