एमडीच्या थिसिससाठी वाङ्मय आढावा: पबमेड की गूगल स्कॉलर?

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) जमा करायची तारीख जवळ आली की बहुतेक विद्यार्थी गूगल स्कॉलर उघडतात. ते सोपं आहे, हे खरंच. पण पहिला शोध पबमेडवरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरणादाखल एक विषय घेऊ: गडचिरोलीतल्या आदिवासी किशोरवयीनांमधला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा, मोफत. त्याचं खरं बळ मेश या, लेखांना लावलेल्या ठरावीक विषयसंज्ञांमध्ये आहे. लेखकाने 'सिकल सेल डिसीज' लिहिलेलं असो वा 'सिकल सेल अ‍ॅनिमिया', लेख एकाच संज्ञेखाली लागतो. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, याचीही फिकीर नको. मात्र शब्द अवतरणचिन्हांत टाकलात की ही आपोआप जुळणी बंद होते, हे अनेकांना माहीत नसतं. दुसरी मेख अधिक महत्त्वाची. मेश संज्ञा फक्त मेडलाइनमधल्या, म्हणजे पबमेडच्या निवडक नियतकालिकांच्या मुख्य भागातल्या लेखांना लागतात आणि पबमेडवर दिसणारी अनेक भारतीय नियतकालिकं मेडलाइनमध्ये नाहीत. नुसत्या मेशवर विसंबलात तर नेमके आपल्याकडचे लेख निसटतील. म्हणून मेश संज्ञा आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द 'ऑर'ने (OR, म्हणजे दोन्हींपैकी काहीही जुळलं तरी चालेल) जोडून शोधा.

स्कॉलरवर अशा संज्ञा नाहीत. अभ्यासाच्या प्रकारानुसार गाळणीही जवळपास नाही. निकाल हजारो दिसले तरी पहिले १००० च पाहता येतात, आणि त्यांचा क्रम कसा लागतो हे पूर्णपणे उघड केलेलं नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही त्यात मिसळलेली असतात. परीक्षकाने "हाच शोध पुन्हा करून दाखवा" म्हटलं, तर स्कॉलरवर अडचण होते. पबमेडवर शोधाचा इतिहास जसाच्या तसा उतरवून घेता येतो.

तरीही स्कॉलर वगळू नका. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर एक लेख आला होता. त्याच्या शीर्षकात 'सेंट्रल इंडिया' आहे. महाराष्ट्र किंवा नागपूर हे शब्द नाहीत. इतक्या जुन्या नोंदींना बहुधा सारांशही नसतो, त्यामुळे जिल्ह्याच्या नावाने शोधणाऱ्याला तो पबमेडवर सापडणं कठीण. नव्या लेखांच्या संदर्भसूचीतून तो हाती येतो आणि मग स्कॉलरवर 'साइटेड बाय' (त्या लेखाचा संदर्भ देणारे नंतरचे लेख) दाबलं की पुढची साखळी उलगडते. स्कॉलर लेखांच्या पूर्ण मजकुरातही शोधतं. गावाचं किंवा जमातीचं नाव लेखाच्या पोटात दडलेलं असेल तर त्याचा मोठा उपयोग होतो.

विषय औषधाचा, निदानाचा किंवा प्रमाण मोजण्याचा असेल तर वेळेचा मोठा वाटा पबमेडला द्या. लग्न जुळवताना होणारा भेदभाव, आशाताईंचे अनुभव असा सामाजिक विषय असेल तर स्कॉलरचा वाटा वाढवा, कारण समाजशास्त्राची नियतकालिकं पबमेडवर फार थोडी आहेत. पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह वेगळा पाहावा लागतो.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच (ठरवलेल्या पद्धतीने सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा) करायचा असेल तर या दोघांवर भागणार नाही. एम्बेस, कोक्रेन यांसारखे डेटाबेसही लागतील. एम्बेसला वर्गणी लागते, तेव्हा विषय पक्का करण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना ते मिळतं का विचारून घ्या.