रिकॉलचं काम: मेकॅनिकला पाच स्टार, काउंटरला एक

गाडी सेकंडहँड, 2013 ची सेडान. राहणार मालवण. कंपनीने रिकॉलचं, म्हणजे सदोष पार्ट मोफत बदलायला गाडी परत बोलावल्याचं पत्र पाठवलं असलंच तर ते पहिल्या मालकांच्या पत्त्यावर गेलं असणार. मला कळलं ते वेबसाइटवर चासी नंबर टाकून पाहिला तेव्हा: ड्रायव्हर साइडच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारी डबी, बदलायचा बाकी.

हे किरकोळ काम नव्हे. एअरबॅग फुगवायला धातूच्या बसक्या डबीत स्फोटक मसाला भरलेला असतो. काही इन्फ्लेटरमध्ये तो अमोनियम नायट्रेटचा असतो. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन तो बिघडला की अपघातात नको तितक्या जोरात पेटतो, डबीच फुटते आणि धातूचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगात घुसतात. जपानच्या ताकाता कंपनीचे असे इन्फ्लेटर जगभर कोट्यवधी गाड्यांत होते. 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि दमट हवेचं म्हणाल तर आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा कोरडं राहत नाही.

हायवेलगतच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी नाही म्हटलं नाही, हीच तर पंचाईत. "पार्ट ऑर्डरला टाकलाय मॅडम, आला की फोन करतो." फोन आला तो इन्शुरन्स रिन्यूअलचा. पुन्हा गेले तर सल्लागाराने एसी क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग आणि अंडरबॉडी कोटिंगचं एस्टिमेट पुढे केलं. एअरबॅगचं विचारल्यावर, "गाडी बिनधास्त चालवा, काही होत नाही. नाहीतर मिस्टरांना पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो." गाडी माझ्या नावावर, लायसन माझं, आणि मिस्टरांना स्कूटरपलीकडे काही येत नाही. वर संध्याकाळी कॉल सेंटरवरून मुलगी गोड आवाजात, "आमच्या सर्व्हिसला दहापैकी दहा द्याल ना?" दोन दिले. त्यानंतर मात्र मॅनेजरचा फोन लगेच आला.

कायद्याचा आधार शोधला. 1 एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं, पण ते नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. माझी त्यात बसत नाही. मग कंपनीने आपणहून जाहीर केलेलं रिकॉलच धरून बसले. हेड ऑफिसला ईमेल, सोबत चासी नंबर, आरसीची प्रत आणि वेबसाइटचा स्क्रीनशॉट. शिवाय 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. इतके दिवस "कंपनीकडून सप्लाय नाही" असलेला पार्ट त्यानंतर आला.

काम ज्याने केलं तो मेकॅनिक पोरगा मात्र एक नंबर. आधी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबला आणि का थांबलोय तेही सांगितलं: सिस्टीममध्ये करंट उरलेला असतो. मग स्टिअरिंगचं पॅड उतरवलं, पिवळे कनेक्टर हलक्या हाताने सोडवले, जुन्या डबीवरचा नंबर टिपून ती वेगळ्या खोक्यात ठेवली. "ही परत कंपनीला जाते, आम्ही ठेवत नाही." दोष काय आहे हे मला त्या इमारतीत पहिल्यांदा सांगितलं ते त्याने.

बिलावर वॉशिंग लावलं होतं. रिकॉलचं काम मोफत असतं म्हटल्यावर कुरकुर न करता काढलं.

या सेंटरमध्ये जाणार असाल तर जॉब कार्डवर "रिकॉल" असं लिहून घ्या, नाहीतर साधी सर्व्हिसिंग करून गाडी हातात देतील. आणि बॅटरी काढल्यामुळे घड्याळ व रेडिओची स्टेशनं पुसली जातात, ती तिथेच लावून मागा.