स्पोर्ट बाइकला कोणते टायर: स्पोर्ट-टूरिंग, हायपरस्पोर्ट की ट्रॅकचे?

आधी जुना मागचा टायर नीट पाहा. मधला पट्टा घासून सपाट आणि कडेची बोटभर पट्टी कोरी करकरीत असेल, तर तुमची गाडी बहुतेक सरळ रस्त्यावरच धावते. निवड त्यावरून करा, वळणात जमिनीला गुडघा टेकवलेल्या फोटोंवरून नको.

रोजची ये-जा, लांबचे पल्ले आणि अधूनमधून पाऊस असेल तर स्पोर्ट-टूरिंग घ्या. मिशलिनचा रोड ६ किंवा ब्रिजस्टोनचा टी३२ या जातीतले. खोबणी जास्त, त्यामुळे पाणी पटकन बाहेर फेकलं जातं. कंपाउंडमधल्या, म्हणजे रबराच्या मिश्रणातल्या, सिलिकामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावरही पकड लवकर मिळते. मध्ये टणक आणि कडेला मऊ रबर असल्याने सरळ रस्त्यावर झीज कमी, वळणात ग्रिप शाबूत. ‘टूरिंग’ म्हटलं की नाकं मुरडणारे बरेच भेटतात, पण रस्त्यावर जेवढा लीन (वळणात गाडीचा झुकाव) शहाणपणाचा, तेवढा हे टायर आरामात पेलतात.

घाटातली वळणं हाच शौक असेल तर हायपरस्पोर्ट. पिरेलीचा डायब्लो रोसो ४, ब्रिजस्टोनचा एस२३. गाडी वळणात चटकन झुकते, पुढच्या चाकाचा अंदाज हाताला नेमका कळतो. बदल्यात आयुष्य कमी. पावसात चालतात, पण स्पोर्ट-टूरिंगइतके निर्धास्त नाही.

पिरेलीच्या सुपरकोर्सा एसपीसारखे ट्रॅककडे झुकलेले टायर रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले आहेत, पण त्यांची खरी पकड गरम झाल्यावरच येते. सिग्नल-सिग्नलच्या रहदारीत ती उष्णता येत नाही. कडेला खोबणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ओल्या वळणात जीव मुठीत. वारंवार ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे दिवस) करत असाल तरच यांच्या वाटेला जा. रस्त्यापुरतं बोलायचं तर माझं मत स्पोर्ट-टूरिंगला, घाटवेड्यांना हायपरस्पोर्ट.

साइझमध्ये मात्र हौस नको. १८०/५५ च्या जागी दिसायला रुंद म्हणून १९०/५० बसवणारे आहेत. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. हिशोब करा: १८०/५५ ची उंची ९९ मिमी, १९०/५० ची ९५. टायर रुंद झाला पण बुटका झाला, मागची बाजू खाली बसली आणि गाडी वळायला जड झाली. त्यात १८०/५५ ला साजेशा साडेपाच इंची रिमवर १९० चेपला जाऊन त्याचा गोलावाही बिघडतो.

पुढचा-मागचा एकाच मॉडेलचा जोड घ्या. विकत घेताना साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. हवा टायर थंड असतानाच तपासा. आणि नवे टायर बसवल्यावर पहिले दीडशेएक किलोमीटर सबुरीने, झुकाव हळूहळू वाढवत चालवा. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो.