हरिश्चंद्रगड : पाचनईतील घरगुती मुक्काम आणि वाटाड्या

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघांनी अकोले तालुक्यातील पाचनई येथे एका घरी मुक्काम केला. दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि गडावर वाटाड्या, असे सर्व मिळून माणशी ८०० रुपये ठरले होते.

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. घरच्या बाईंनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यांशी उभी धरून फुगवली आणि फुगलेली तशीच ताटात वाढली. सोबत पिठले आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा होता. अंथरूण स्वच्छ होते, मात्र पत्र्याच्या खोलीतील थंडीला एक घोंगडी पुरत नाही, तेव्हा आपले पांघरूण जवळ ठेवावे.

हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच असला तरी पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे, त्यामुळे वाटाड्याची गरज काय, असे आम्हाला वाटत होते. ती गरज केदारेश्वराच्या गुहेत कळली. तेथील चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण आमच्या वाटाड्या मामांनी आम्हाला पाण्यात उतरू देण्याआधी काठीने तळ चाचपून निसरडे दगड कोठे आहेत ते दाखवले, म्हणूनच कमरेइतक्या गारठलेल्या पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घालताना कोणी घसरले नाही. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशीही त्यांनी घाई केली नाही. (तटबुरूज पाहण्याच्या हौसेने येणाऱ्यांची येथे थोडी निराशा होईल, या गडाचे वैभव लेण्यांत, मंदिरांत आणि पुष्करणीत आहे.)

खरी तक्रार कोकणकड्याची. अर्धवर्तुळाकार, आत वळलेला हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तो सूर्यास्ताला पाहायचा, असे आम्ही फोनवर स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात दुपारी दोनलाच मामांनी परतीचा विषय काढला, कारण संध्याकाळी त्यांना दुसऱ्या गटाला आणायला जायचे होते. ही अडचण आधी कळवली असती, तर आम्ही पहाटेऐवजी दुपारी गड चढायला लागलो असतो. भर उन्हात कड्यावर पालथे पडून खाली पाहिले, कोकण धुरकट दिसले, आणि उतरलो.

हिशेबाच्या वेळी यजमानांनी चूक मान्य करून माणशी १०० रुपये कमी घेतले. फेब्रुवारीत पुन्हा त्याच घरी जात आहोत. या खेपेस वाटाड्या संध्याकाळपर्यंत आमच्यासोबत राहील, असे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतले आहे.