डेझर्टेशनसाठी कोणतं विधेयक: दिल्लीचं की वॉशिंग्टनचं?

कर खात्याला आणि बाजार नियामकांना कायदेमंडळ दरवर्षी पैसा कसा मंजूर करतं, या विषयावर डेझर्टेशन करू पाहणारे एमएचे विद्यार्थी विचारतात, की संसदेतल्या अनुदानाच्या मागण्या (मंत्रालयांनी लोकसभेकडे मागितलेला खर्च) घ्याव्यात की अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खर्चविधेयक? मी दोन्ही चाळून एक निवडलं, म्हणून लिहितो.

दिल्लीच्या बाजूनं बरंच आहे. प्रत्यक्ष कराच्या मागणीचे कागद सहज मिळतात, १९९३ पासून त्या मागण्या तपासणाऱ्या विभागवार स्थायी समित्या आहेत, आणि गाइडला पार्श्वभूमी समजावत बसावं लागत नाही. बाजार नियामक सेबी मात्र स्वतःच्या शुल्कावर चालते, त्यामुळे मागण्यांत ती हाती लागत नाही.

माझं अडलं ते गिलोटिनपाशी, म्हणजे वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकण्यापाशी. मला खासदार काय म्हणाले ते हवं होतं. लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तांत उघडावा, अर्थ मंत्रालयाची मागणी शोधावी, तर ती उरलेल्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मंजूर! दुसरं वर्ष काढावं, तिथंही तेच. २०१८ आणि २०२३ साली तर सगळाच खर्च चर्चेविना संमत झाला. समितीचा अहवाल असतो, पण शिफारशी बंधनकारक नसतात. शिवाय राज्यघटनेच्या कलम ११३ नुसार सभागृह रक्कम कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. पुण्यात, गोखल्यांच्या गावात, हे मनाला जास्तच लागतं. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी सरकारची शिल्लक कुठून येते हे मांडून दाखवलं. आज अधिकार आहे आणि बोलणं नाही.

वॉशिंग्टनमध्ये दरवर्षीच्या बारा खर्चविधेयकांपैकी एकात ट्रेझरी (अर्थखातं), आयआरएस (करखातं) आणि एसईसी (शेअर बाजाराचा नियामक) एकत्र येतात. आयआरएसला २०२३ आणि २०२४ या वित्तीय वर्षांत सुमारे १२.३ अब्ज डॉलर मिळाले. करदात्यांच्या सेवेची आणि अंमलबजावणीची रक्कम वेगवेगळी दाखवलेली असते, आणि कशावर किती का, हे समिती अहवालात लिहिते. एसईसीचा खर्च व्यवहारांवरच्या शुल्कातून भरून निघतो, तरी मर्यादा काँग्रेसच ठरवते. सेबीशी तुलना करायला एवढा एक मुद्दा पुरे. याउलट ग्राहकांच्या आर्थिक हितासाठीची सीएफपीबी ही संस्था फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेते. ही व्यवस्था २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवली. डेझर्टेशनचं एक प्रकरण तिच्यावरच होईल.

त्रास तिथंही आहे. वित्तीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण बाराही विधेयकं वेळेत होण्याची शेवटची खेप १९९७ च्या वित्तीय वर्षाची. मग खर्च चालू ठेवणारे तात्पुरते ठराव, नाहीतर शटडाऊन, म्हणजे पैशाअभावी सरकारी कामकाज बंद. २०१८-१९ चा ३५ दिवस चालला आणि एसईसीचे बहुतेक कर्मचारी घरी बसले. कोणता आकडा अंतिम, हे शोधताना डोकं दुखतं. पण भांडण कागदावर राहतं, आणि अभ्यासाला तेच लागतं.

स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर दिल्ली घ्या, तयारीला उपयोगी पडेल. नाहीतर माझ्या मते वॉशिंग्टन. ठरवण्याआधी २०२४ या वित्तीय वर्षाचा प्रतिनिधीगृहाच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) समितीचा अहवाल आणि अंतिम कायदा शेजारी ठेवून फक्त आयआरएसचा भाग वाचा.