आधी सिम, मग फोन: बाबांसाठी निवडलेला फ्लिप फोन

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि गिरगावातल्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या बाबतीत दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या. त्यांच्या जुन्या फ्लिप फोनची बिजागरी सैल होऊन झाकण अधांतरी लोंबू लागले, आणि ज्या कंपनीचे सिम ते कित्येक वर्षे वापरत होते तिची रेंज खोलीच्या आत येईनाशी झाली. गॅलरीत उभे राहिले की बोलणे होई आणि दोन पावले आत आले की तुटे. पावसाळ्याच्या रात्री या वयाच्या माणसाने फोन घेण्यासाठी उठून ओल्या गॅलरीत जाणे मला मान्य नव्हते, म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आणि त्याबरोबर फोनही नवा घ्यायचा असे आम्ही ठरवले. निवड शेवटी दोन फोनांमध्ये होती: नोकिया २६६० फ्लिप आणि आयटेल फ्लिप वन.

स्मार्टफोन का नाही, असे अनेकांनी विचारले. तो प्रयोग आम्ही केलेला आहे. बाबांच्या उजव्या हाताला थोडा कंप आहे. सपाट काचेवर बोट एका जागी टेकवले तरी ते दुसरीकडे सरकते, आणि आलेला फोन घेण्याऐवजी कापला जातो. फ्लिप फोनमध्ये या गोष्टी हाताच्या सवयीने होतात. झाकण उघडायचे, बोलायचे, मिटायचे. सदऱ्याच्या खिशात ठेवला तरी झाकणाखालची बटणे दाबली जात नाहीत, त्यामुळे नकळत कुणाला फोन लागत नाही. बाबांनी आपली अपेक्षा एका वाक्यात सांगितली होती: "झाकण लावलं की बोलणं संपलं पाहिजे, मला पुन्हा काही शोधायला लावू नकोस." दोन्ही फोन पाहताना मी ही अपेक्षा प्रमाण मानली.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दोन्ही फोन एकत्र पाहायला मिळाले. किमतीतला फरक लहान नव्हता. आयटेल फ्लिप वन हा २०२४ मध्ये २,४९९ रुपयांना बाजारात आलेला फोन आहे. नोकिया २६६० फ्लिप भारतात २०२२ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्याची किंमत ४,६९९ रुपये होती. जवळपास दुप्पट पैसे कशासाठी द्यायचे, हा बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता. दुकानदाराने तर "दोन्हींत कुठलंही सिम चालेल" असे सांगून तो प्रश्न आणखी टोकदार केला. सिम खाचेत बसणे आणि सिम चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक होते म्हणून मी दोन्ही खोकी मागून घेतली आणि त्यांवरचा नेटवर्कचा रकाना वाचला. सगळा निर्णय त्या एका रकान्यात होता.

आयटेल फ्लिप वन हा टूजी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जुन्या मोबाइल जाळ्यावर चालणारा फोन आहे. नोकिया २६६० फ्लिप फोरजी, म्हणजे चौथ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारा आहे आणि त्यात व्होल्टीई, म्हणजे फोरजीच्याच जाळ्यावरून आवाज पोहोचवण्याची सोय आहे. मुंबईत एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांचे टूजी जाळे अजून चालू आहे, त्यामुळे या कंपन्यांच्या सिमवर टूजी फोनवरून बोलणे होते. जिओचे तसे नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तीच मुळात फोरजीवर. त्या कंपनीकडे टूजी किंवा थ्रीजीचे जाळे कधीच नव्हते. जिओच्या फोरजी जाळ्यावर साधे बोलणेसुद्धा व्होल्टीईवरूनच होते. टूजी फोनमध्ये जिओचे सिम घातले तर फोन सुरू होईल, पडदा उजळेल, घड्याळ दिसेल, परंतु रेंज मिळणार नाही, कारण ज्या भाषेत टॉवर बोलतो ती भाषा फोनला येतच नाही. हा फोनमधला बिघाड नव्हे. साधा बटणांचा फोन घेणारे पुष्कळ लोक नेमके इथे फसतात, आणि फोन खराब निघाला असे समजून दुकानाच्या पायऱ्या झिजवतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, फोनच्या आधी कंपनी ठरवावी, आणि कंपनी जाहिरात पाहून नव्हे तर राहत्या खोलीत ठरवावी. आमच्या चाळीच्या भिंती जाड आहेत, खोल्या लांबट आहेत, आणि रस्त्याच्या बाजूला मिळणारी रेंज मागच्या मोरीपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. मी एका रविवारी शेजारच्या तीन बिऱ्हाडांतून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन थोडा वेळ मागून घेतले आणि बाबांच्या खाटेवर बसून, नंतर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि शेवटी मोरीच्या दाराशी उभे राहून प्रत्येकावरून माझ्या भावाला फोन लावला. खाटेवरून तिन्ही लागले. मोरीच्या दाराशी मात्र जिओचाच आवाज न तुटता ऐकू आला. हा निकाल फक्त आमच्या खोलीपुरता आहे. दोन गल्ल्या सोडून तो उलटाही लागू शकेल, त्यामुळे माझ्या अनुभवावर विसंबून कुणी कंपनी निवडू नये. वृद्ध माणूस पडण्याचा धोका मोरीपाशी अधिक असतो, म्हणून मी मोरीचे दार निर्णायक मानले.

जिओ ठरल्यावर नोकिया २६६० फ्लिपच उरला, परंतु केवळ उरला म्हणून तो घेतला असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल. दुकानातच मी माझ्या फोनमधले जिओचे सिम काढून त्यात घातले, फोन लावला आणि बोलणे होते हे पाहूनच पैसे दिले. केवळ खोक्यावर फोरजी लिहिले आहे म्हणून थांबू नये, व्होल्टीईवर प्रत्यक्ष फोन लावून पाहावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. आतला पडदा २.८ इंचांचा आहे. झाकणाच्या बाहेर १.७७ इंचांचा दुसरा पडदा असून त्यावर वेळ आणि कुणाचा फोन येत आहे हे झाकण न उघडता दिसते. बटणे मोठी आहेत, त्यांच्यामध्ये पुरेशी जागा आहे, आणि बाबांचा अंगठा थरथरला तरी शेजारचे बटण सहसा दाबले जात नाही. आवाज मोठा आहे. कानाला यंत्र लावणाऱ्यांनाही हा फोन चालतो. बाबांना त्याची गरज अजून पडलेली नाही, पण त्यांच्या वयाच्या माणसासाठी ही सोय आधीपासून असलेली बरी. बॅटरी १,४५० एमएएचची असून ती काढता येते. चार्जिंगसाठी मायक्रो यूएसबीची पिन आहे, आणि घरात जुन्या फोनचा तसाच चार्जर असल्याने बाबांना नवे काही शिकावे लागले नाही.

या फोनमधली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती म्हणजे तातडीचे स्वतंत्र बटण. त्याला पाच जणांचे नंबर जोडता येतात. हे नंबर कोणत्या क्रमाने भरायचे याचा आम्ही घरात बसून गंभीरपणे विचार केला. मी डोंबिवलीला राहते. गाडी वेळेवर मिळाली तरी दादरला बदलून चर्नी रोडला उतरेपर्यंत सव्वा-दीड तास जातो. मुलगी म्हणून पहिला नंबर माझा असावा असे बाबांचे म्हणणे होते, पण मी तो समोरच्या खोलीतल्या काकूंचा घातला, दुसरा तळमजल्यावरच्या दुकानदाराचा, आणि त्यानंतर आमचे. मदत ज्याला दोन मिनिटांत पोहोचवता येते त्याचे नाव वर असावे. भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यावर तातडीच्या सेवेला फोन लागण्याची सोय १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे, आणि ११२ हा त्यासाठीचा देशभराचा क्रमांक आहे; तरीसुद्धा अंधारात चाचपून सापडणारे वेगळे बटण असणे निराळे.

आयटेल फ्लिप वनविषयी माझी तक्रार नाही. पाठीला चामड्यासारखा पोत आहे, हातात तो हलका आणि देखणा वाटतो, चार्जिंगला टाइप-सी पिन आहे, म्हणजे घरातल्या स्मार्टफोनचाच चार्जर त्याला चालतो, आणि १३ भारतीय भाषांची सोय आहे. पडदा २.४ इंचांचा व बॅटरी १,२०० एमएएचची आहे. ज्यांचे सिम एअरटेल किंवा व्होडाफोन आयडियाचे आहे, ज्यांच्या घरात टूजीची रेंज चांगली आहे आणि ज्यांना कंपनी बदलायची नाही, त्यांनी २,२०० रुपये अधिक मोजण्याचे कारण नाही. आम्ही मात्र कंपनी बदलणार होतो, आणि पुढे पुन्हा बदलावी लागली तर फोनही बदलावा लागू नये, अशी माझी इच्छा होती. नोकियासारखा फोरजी फोन टूजी जाळ्यावरही चालतो. उलट होत नाही. याच कारणाने एखाद्या कंपनीनेच विकलेला, फक्त तिच्याच सिमला बांधलेला स्वस्त फोन मी विचारात घेतला नाही.

नंबर बदलून न घेता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ती वापरणे अवघड नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. जुन्या सिमवरून पोर्ट हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर १९०० वर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, आणि मुंबईत तो चार दिवस चालतो. जुन्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. सिम हरवून किंवा खराब होऊन नुकतेच बदलून घेतले असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस हा कोड मिळत नाही, म्हणून जुने सिम आधी दुरुस्त करून घेऊ आणि मग बदलू असा विचार करणाऱ्यांनी सावध राहावे. त्यानंतर आधारसारखा ओळखीचा पुरावा घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. मुंबईच्या दूरसंचार मंडळात ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीही येतात, त्यामुळे एकाच मंडळातला बदल म्हणून तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत लागू होते. आमचे काम तेवढ्यात झाले. जुन्या सिमवर उरलेले पैसे नव्या सिमवर येत नाहीत, म्हणून शेवटचा रिचार्ज मोठा करू नये.

एक गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. बाबांचे सगळे नंबर फोनमध्ये नव्हे तर जुन्या सिमवर साठवलेले होते. पोर्ट होताना फक्त आपला नंबर नव्या सिमवर जातो. सिमवर लिहून ठेवलेली माणसे जुन्याच सिमवर राहतात. जुने सिम नव्या फोनमध्ये घालून ती सगळी नावे फोनच्या स्मृतीत उतरवून घेतली, आणि खबरदारी म्हणून बाबांच्या वहीतही लिहिली. गॅसवाले, डॉक्टर, निवृत्तिवेतनाच्या बँकेतला खिडकीवरचा नंबर, आईच्या माहेरची माणसे, असे सत्तरेक नंबर होते. त्यांतले काही लोक आता हयात नाहीत. ते नंबर पुसू का, असे मी विचारल्यावर बाबा नको म्हणाले, आणि मी ते तसेच उतरवले.

रिचार्जच्या बाबतीत साधा फोन वापरणाऱ्यांसाठी काळ थोडा अनुकूल झाला आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचा किमान एक वेगळा पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे बाबांनी वर्षानुवर्षे भरले, याची मला चुटपुट आहे. दुकानात हे पॅक आपणहून कुणी पुढे करत नाही. केवळ बोलण्याचा पॅक द्या, असे नाव घेऊन मागावे लागते.

नोकिया २६६० फ्लिपवर व्हॉट्सअॅप नाही, हे घेण्यापूर्वी नीट समजून घ्यावे. नातवंडांचे फोटो बाबांना हवे असतात, ते मी महिन्यातून एकदा छापून नेते. कॅमेरा नावापुरता आहे. पैसे पाठवण्यासाठी साध्या फोनवर चालणारी यूपीआय १२३पे ही सेवा मार्च २०२२ पासून आहे, परंतु बाबांना रोखीचीच सवय असल्यामुळे आम्ही ती जोडली नाही.

या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे. दुसरी जागा आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली आहे, कारण दोन सिम असली की कोणत्या सिमवरून फोन करायचा हा जास्तीचा प्रश्न उभा राहतो, आणि घाईच्या वेळी बाबांपुढे तो यावा असे मला वाटत नाही.